रफूवालीचं नाव

बसा जवळ. आमची ही रफू करायची आणि त्याबद्दल इंटरनेटवर लिहायची. स्वतःच्या नावाची वेबसाइट होती तिची. कुणाचा कोपरावर विरलेला स्वेटर, कुणाची इस्त्रीने जळलेली साडी; सगळ्यांना उत्तरं. त्यातल्या एका घड्याळजींना जरा ऐसपैस. माझ्या वाट्याला 'हं'.

ती गेल्यावर वेबसाइटच्या नावाची मुदत संपत आल्याच्या सूचना मला येऊ लागल्या. मी त्या छापून, आवक क्रमांक घालून फायलीला लावल्या. आमच्या ऑफिसात तिसऱ्या स्मरणपत्राशिवाय कुणी पेनाचं टोपण काढत नसे. इथे दुसऱ्यानंतरच नाव गेलं. कुणीतरी घेतलं.

पुतणी कॉम्प्युटरवाली. तिने साइट उघडली. साइट सुरू होती. कालच्या तारखेला घड्याळजींना उत्तर होतं : कोटाचं अस्तर उसवू नका, मी बघते. सोबत फोटो. सुई धरलेल्या अंगठ्यावर हिच्यासारखाच इस्त्रीने भाजल्याचा जुना डाग.

पुतणी म्हणाली, कुणीतरी काकूची नक्कल करतंय. पण फोटो मोठा करून ती तो डाग पुन्हा पुन्हा बघत होती. माणसाने अशा वेळी घाबरावं. मी जळलो. मेल्यावरही हिला सवड मिळाली ती त्या घड्याळजीसाठी!

मग अर्ज केला. मृत्यूचा दाखला, लग्नाचा दाखला, जुन्या पावत्या, एकूण बारा जोडपत्रं. नवा मालक कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्याने हरकतही घेतली नाही. सव्वा महिन्याने नाव माझ्या ताब्यात आलं. पुतणीने पासवर्ड बदलला, जुनी पानं काढली. घड्याळजींची पत्रं मी स्वतः पुसली. नोकरीत एवढ्या आनंदाने मी एकही प्रकरण निकाली काढलं नव्हतं.

भर दुपार होती. खोलीत तापलेल्या इस्त्रीचा वास आला. घरातली इस्त्री बंद पडून वर्ष झालं होतं.

साइटच्या कोऱ्या पानावर एक फोटो उमटला. निळ्या रेघांची कॉलर, तिच्यावर तो अंगठा. खाली एक ओळ :

'घड्याळजी, ह्यांचं एवढं संपलं की तुमच्याकडेच येते. मग इथे काही राहिलं नाही...'

वाचून माझा तिळपापड झाला. मी पुतणीकडे वळणार, तोच तिने माझा खांदा घट्ट धरला. ती माझ्या मानेकडे, अंगातल्या शर्टाच्या निळ्या रेघांच्या कॉलरकडे बघत होती.

"काका... हलू नका. सुई अजून कॉलरमध्येच आहे."