मंजुषाची सवाई

नाशिकबाहेर द्राक्षमळ्यांच्या मधोमध असलेल्या ‘चालना’च्या प्रयोगशाळेत सगळे एका उतरत्या रेषेकडे बघत बसले होते. लोक आरोग्याचं हे ॲप मोठ्या हौसेनं घेत, मनगटमापी बांधत, महिनाभर चालण्या-पळण्याची नोंद ठेवत आणि मग मनगटमापी कपाटात जाई. उन्मेष जाचकनं ॲपची मांडणी आजवर तीनदा बदलली होती. रंगीत पदकं झाली, शाबासकीचे संदेश झाले, ताशाचा आवाजही घालून झाला. रेषा ढिम्म हलली नव्हती.

‘‘तुम्ही माणसाला लाडीगोडी लावून चालवताय,’’ संस्थेत नव्यानंच आलेल्या वर्तनशास्त्रज्ञ डॉ. शर्वाणी मुळगुंद म्हणाल्या. ‘‘मत्सरानं चालवून बघा.’’

उन्मेष हसला. त्या हसल्या नाहीत.

‘‘जरासा पुढे असलेल्या माणसाकडे आपण लक्ष देत नाही,’’ त्या सांगू लागल्या. ‘‘दुप्पट पुढे असलेल्याला हात जोडून मोकळे होतो. मधे एक जागा असते, साधारण सव्वापटीची. तिथं उभा असलेला माणूस आपल्याला स्वस्थ बसू देत नाही.’’

‘‘पण कुणाला कुणाचा मत्सर वाटेल, हे आपण कसं ठरवायचं?’’

‘‘आपण ठरवायचंच नाही. मनगटमापीत नाडी मोजली जाते, घाम टिपणारा स्वेदसंवेदक आहे. बसल्या जागी दुसऱ्याची चाल बघून नाडी उडाली, हात ओला झाला, की त्यातून मत्सरमान काढता येतं. यंत्रानं एकेक माणूस लावून बघावा आणि ज्याच्यामुळे मत्सरमान चढेल त्यालाच धरून ठेवावं. माणूस मात्र खरा हवा.’’

त्या सव्वापटीच्या माणसाला उन्मेषनं ‘सवाई’ हे नाव दिलं. सवाईचं नाव, फोटो, ठिकाण काहीच दिसणार नव्हतं. ती कधी निघाली, कधी दमली, कधी थांबली, एवढंच दिसणार होतं. शिवाय सवाई बाई असो की बाप्या, पडद्यावर मजकूर एकच: ‘तुमची सवाई निघाली.’ व्याकरणाच्या आडोशानं माणूस लपवता आला, म्हणून उन्मेष स्वतःवर बेहद्द खूश होता.

चाचणीसाठी कर्मचारी आणि त्यांच्या घरचे घेतले. उन्मेषची बायको मंजुषा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. आधीच्या तिन्ही वेळी तिनं मनगटमापी आठवड्याभरात काढून ठेवली होती. या वेळीही पहिले काही दिवस तिनं जांभया देत काढले आणि मग अचानक तिचं चालणं सुरू झालं. घराजवळच्या मैदानावर ती सकाळी जाऊ लागली, पुढे संध्याकाळीही जाऊ लागली. तिच्या रक्तातली साखर उतरली. संपूर्ण चाचणीत नोंदी ठेवण्यात तिचा पहिला नंबर लागला. प्रयोगशाळेत सगळ्यांनी उन्मेषचं अभिनंदन केलं आणि त्यानं ते कडू तोंडानं स्वीकारलं.

कारण मंजुषा आता जेवताना त्याच्याशी बोलण्याऐवजी फोनकडे बघायची.

‘‘सवाई आज रमत गमत चालली होती,’’ ती म्हणायची. किंवा, ‘‘आज मधेच बराच वेळ थांबली. गप्पा मारत असेल.’’

सवाई पुरुष असेल ना, असं एकदा त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं. असेल, आपल्याला काय कळतंय, असं म्हणून तिनं ताट उचललं. ते ताट उचलणं उन्मेषच्या मनातून जाईना. त्याला सवाई दिसू लागली: उंच, सपाट पोटाचा, कानाजवळ पांढरे झालेले केस शोभणारा कुणी निवृत्त फौजी. मंजुषानं नवे बूट घेतले ते फौजीसाठी. रात्रीचा भात सोडला तोही फौजीसाठीच. उन्मेषला त्या माणसाचा इतका राग येई, की त्याच्या विचारानं तो आंघोळीत साबण हातात धरून नुसता उभा राही. दुसऱ्याला मत्सर वाटावा म्हणून आपण हे यंत्र बनवलं आणि त्यात आपणच होरपळतोय, हे त्याला कळत होतं. कळून उपयोग नव्हता.

शेवटी त्यानं गुप्तता मोडायची ठरवली. सवायांची नावं असलेला नामकोश प्रयोगशाळेतच उघडायचा आणि त्याची किल्ली फक्त त्याच्याकडे आणि शर्वाणीकडे होती. त्या संध्याकाळी दोघं नेहमीप्रमाणे मळ्याच्या कडेच्या वाटेवर चालायला निघाले होते. मनगटमापी तपासायला म्हणून हे चालणं सुरू झालं होतं. तपासणी केव्हाच संपली, चालणं राहिलं. ‘‘तू हो पुढे, मी फोन विसरलोय,’’ असं सांगून उन्मेष अर्ध्या वाटेतून मागे फिरला.

त्यानं नामकोश उघडला. मंजुषा जाचक. सवाई: डॉ. शर्वाणी मुळगुंद.

आधी त्याला हायसंच वाटलं. फौजी नव्हता. कुणी पुरुषच नव्हता. आपण केवढे मूर्ख, म्हणून तो एकटाच मोठ्यानं हसला. मग यंत्रानं शर्वाणीलाच का धरलं, हे बघायला त्यानं मंजुषाच्या मत्सरमानाचा आलेख काढला.

सुरुवातीला यंत्रानं तिला कितीतरी माणसं लावून बघितली होती. रेषा सपाट. परक्या माणसाचा मत्सर मंजुषाला वाटतच नव्हता. शर्वाणीची चाल लावल्यावरही काही दिवस तसेच गेले आणि मग रेषा उठली. सकाळी नाही, फक्त संध्याकाळी, तीही रोज नाही. संपूर्ण चाचणीत इतकं मत्सरमान कुणाचंच नव्हतं.

आपण ‘मीटिंग लांबली’ असा संदेश घरी कोणकोणत्या संध्याकाळी पाठवला, ते उन्मेषनं फोन काढून बघितलं. सगळं बघायची गरज पडली नाही. ज्या संध्याकाळी त्याची मीटिंग लांबे, त्याच संध्याकाळी मंजुषाची सवाई चालायला निघे. सवाई थांबली, की थोड्या वेळानं नवरा घरी येई. यंत्राला नवरा ठाऊक नव्हता, मीटिंग ठाऊक नव्हती. हात कधी ओला होतो एवढंच त्याला कळत होतं, आणि त्यानं सांगितल्याप्रमाणे माणूस धरून ठेवला होता.

आपण काही केलेलं नाही, असं उन्मेषनं स्वतःला बजावलं. नुसतं चालणं, कामाच्या गप्पा. मग घरी सांगितलं का नाही, याचं उत्तर त्याला सापडेना. डॉक्टरबाईंना आपण ‘अगं शर्वाणी’ कधीपासून म्हणायला लागलो, तेही आठवेना.

घरी जाताना त्यानं वाक्यं जुळवली. चाचणीचं काम होतं. बाहेर सांगायची परवानगी नव्हती. नाही, हसतच सांगावं, फौजीपासून सुरुवात करावी.

मंजुषा टेबलाशी मटार सोलत बसली होती. शेजारी फोन पडला होता; त्यावर सवाई मधेच थांबून पुन्हा निघाली होती आणि अजून चालतच होती. तिनं त्याच्यासाठी खुर्ची पायानं मागे सरकवली. तो बसला, घसा साफ केला.

‘‘मंजू, तुला एक गंमत सांगायचीय.’’

तिनं शेंग मोडली, दाणे भांड्यात सोडले आणि मान वर न करता विचारलं,

‘‘आज सवाईला अर्ध्या वाटेतून एकटीलाच जावं लागलं का रे?’’