घोटभर पाणी

"आई... एकच घोट!"

सरजाबाईनं तांब्या उचलला तशी शिवगंगेला वाटलं, मिळालं... पण आईनं तो फळीवर, लेकीचा हात पुरणार नाही अशा जागी नेऊन ठेवला आणि पदरानं तिच्या कपाळावरचा घाम टिपत ती म्हणाली, "बाळंतिणीनं पाणी पिलं की पोट सुटतं, बाई. अन् पायाची सूज बघ की! अंगात पाणीच पाणी झालंय, त्याच्यावर अजून कुठं पितीस?"

रेणापूरच्या त्या माहेरी माया कमी होती असं कुणी म्हणू नये. अंगणात नळ होता, रांजण काठोकाठ होता, खाटेखाली शेकाची शेगडी होती, डिंकाचे लाडू होते, काढा होता... बाळंत होताना शिवगंगेचं रक्त फार गेलं होतं, बाहेर वैशाख पेटला होता, आणि एवढ्या मायेतून तिच्या वाट्याला सकाळ-संध्याकाळ अर्धी वाटी कोमट पाणी येत होतं. लघवी जवळजवळ थांबली, तोंड सुजलं, तेव्हा सरजाबाईनं तीही वाटी बंद केली. तिच्या आईनं तिला असंच जपलं होतं. जपण्याची दुसरी रीत तिला ठाऊकच नव्हती.

ओकाऱ्या काढून काढून शिवगंगा ग्लानीत गेली, तेव्हा लातूरहून तिचा नवरा बसवराज गाडी घेऊन आला. सोबत त्याची आई, कमलम्मा. तिनं तान्ह्या नातीला उराशी घेतलं, सरजाबाईनं लेकीचं डोकं मांडीवर घेतलं, आणि गाडी हाकता हाकता मागं न बघता बसवराज बोलला, "ह्याच्यात तुझ्या आईचा हात निघाला ना, तर रेणापूरची वाट कायमची बंद! सांगून ठेवतो."

ते सरजाबाईनं ऐकलं. ग्लानीतही शिवगंगेनं ऐकलं.

लातूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं, रक्ताचे रिपोर्ट बघितले. "दोन्ही किडन्या काम करेनाशा झाल्यात. आधीच रक्त गेलेलं, वर अंगात पाणी नाही. डायलिसिस करावं लागेल." मग ते शिवगंगेवर वाकले. "पाणी का पीत नव्हतीस गं?"

सरजाबाईचे ओठ हलले... पण शिवगंगाच आधी बोलली.

"मीच... मीच पीत नव्हते. आई सारखी पी म्हणायची. पोट सुटंल म्हणून मला भ्या वाटायचं."

"धन्य हाय बाई तुझी!" बसवराज कडाडला. "पोटापायी? लेकराचा तरी इचार करायचा!"

शिवगंगेनं डोळे मिटले. हा कलंक जड होता, पण आईचा उंबरा कायमचा सुटण्यापेक्षा हलकाच होता! सरजाबाई मात्र संध्याकाळच्या गाडीनं रेणापूरला गेली, ती दवाखान्यात परत आलीच नाही.

डायलिसिस सुरू झालं. लघवी उतरेपर्यंत पाणी मापूनच द्यायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि ते माप कमलम्मानं स्वतःकडे घेतलं. एके दुपारी ती चमच्यानं पाणी पाजत असताना सून तापात पुटपुटली, "आई, एक घोट दे ना गं... मी कुणाला सांगत न्हाई. खरंच न्हाई सांगत..."

कमलम्माचा हात थबकला. मग तिनं उरलेलं पाणी पाजलं आणि सुनेचे ओठ पुसले.

हळूहळू लघवी सुटली, सूज उतरली, मशीन सुटली. सगळ्यांच्याच किडन्या अशा परत फिरत नाहीत, डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या बाळाची घाई नको आणि तपासण्या चुकवू नका.

राहिलेलं बारसं लातूरच्या घरी ठरलं, तशी कमलम्मा लेकाला म्हणाली, "जा, ईहीणबाईला घेऊन ये."

"त्यांना यायचं तर येतील की, अव्वा."

"मी सांगतेय ना?"

जंगमस्वामींनी रीतीप्रमाणे पोरीच्या गळ्यात इष्टलिंग बांधलं, बायकांनी पाळणा म्हटला. सरजाबाई दाराशीच बसून होती; नातीला तिनं हातही लावला नव्हता. बायका पांगल्यावर कमलम्मा आतून भरलेला तांब्या घेऊन आली.

"ईहीणबाई, हे घ्या. लेकीला पाणी पाजा."

सरजाबाईनं हात मागं घेतले. "मला कळलं न्हाई हो... माझ्याच हातानं..."

"मला दवाखान्यातच कळलंय. पोरगी शुद्धीत बोलली न्हाई, तापात बोलली."

"म्हंजे, अव्वा...?" बसवराज पुढं झाला.

"तू गप! तू झालास तवा मलाबी माझ्या आईनं असंच तहानलेलं ठेवलं होतं. माझं नशीब धड, म्हणून वाचले. तिची वाट कुणी बंद केली न्हाई."

सरजाबाईनं उठून तांब्या लेकीच्या तोंडाला लावला. शिवगंगा प्यायली... घटाघटा प्यायली, पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं, मायलेकींचे डोळेही ओघळले, आणि तांब्या उलटा झाला तरी सरजाबाई म्हणत होती, "अजून पी, बाई. अजून पी."

बसवराजनं तिच्या हातातून रिकामा तांब्या घेतला आणि भरून आणायला आत गेला.