लाल नळकांड्याशी गप्पा

जिन्याच्या वळणावर एक उंच मुलगा आग विझवायच्या लाल नळकांड्याशी बोलत होता. अगदी मनापासून!

"हे बघ... तू चांगला आहेस. प्रश्न तुझा नाहीये. पण कंपनीचं आणि तुझं आता — म्हणजे — जमत नाहीये..."

ती दोन पायऱ्या खाली थबकली. नोकरीचा पहिला दिवस, नवे बूट चावत होते, आणि समोर हे! दाबलेलं हसू नाकातून निसटलंच.

"असं नका हो सांगू. बिचारं रडेल."

तो गर्रकन वळला. कान लालेलाल, नळकांड्याहून कांकणभर जास्तच.

"सराव करतोय. एकाला कामावरून काढायचंय."

"त्याला विचारलंत, काय बिनसलंय ते?"

"विचारायचं काय त्यात? महिनाभर धड काम नाही त्याचं."

"मग विचाराच. आणि 'प्रश्न तुझा नाहीये' हे तेवढं गाळा. नोकरी ज्याची जाते, प्रश्न त्याचाच असतो."

तो बघतच राहिला. "तुम्ही कोण?"

"वरच्या कंपनीत आजपासून रुजू होतेय. माणसं सांभाळायला."

"अरे देवा! ताईने पाठवलेल्या त्या तुम्हीच?"

म्हणजे हाच तो मालक! सगळे त्याला पाठीमागे 'इंजिन' म्हणत, कारण तो धावायचा खूप पण शिटी द्यायचा नाही; डबे आपले मागून फरफटत. दवाखान्यांच्या भेटीच्या वेळा ठरवणारं अ‍ॅप, एकच लांबट खोली, आणि माणसं मोजून नऊ. भांडवल त्याच्या थोरल्या बहिणीचं, आणि तिची अट एकच: दहावा माणूस प्रोग्रामर नको, माणसं बघणारा हवा.

"नऊ जणांना कसली आलीय मॅनेजर?" तो दुपारी सगळ्यांसमोर कुरकुरला. "नव्वद होऊ देत, मग बघू."

"नव्वद झाल्यावर नव्वद जणांच्या सवयी मोडाव्या लागतील," ती म्हणाली. "आत्ता फक्त तुमची एकट्याची मोडायचीय."

खोलीभर खसखस पिकली. इंजिनही हसलं... जरासं. पण तिला ते दिसलं बरं का!

ज्याला काढायचं होतं त्याला सगळे 'आजोबा' म्हणत. वय सव्वीस, पण बारा महिने गळ्यात मफलर. तिने त्याला फक्त विचारलं, "कसा आहेस?" आणि बांधच फुटला. वडील इस्पितळात होते, झोपेचं खोबरं झालं होतं. सांगितलं का नाही? तर म्हणे, "इथे कामाशिवाय कुणी काही बोलतच नाही." ते कळल्यावर इंजिनाने काढायचा विचारच सोडला. मग आजोबांना रोज अर्धा दिवस सुटी मिळाली, वडील बरे होईपर्यंत.

त्यातूनच निघाली 'चालती भेट'. आठवड्यातून एकदा इंजिनाने एकेकाला घेऊन इमारतीभोवती फेरी मारायची. नियम असा, की साहेबाने फक्त विचारायचं. सांगायचं काही नाही.

"जीभ चावून चावून अर्धी झाली!" पहिल्या फेरीहून आल्यावर तो म्हणाला.

"उरलेली अर्धी पुरेशी आहे तुम्हाला."

"आणि मला कोण विचारणार, कसा आहेस?"

ती म्हणाली, "चला... मी."

त्या दोघांच्या फेऱ्या मात्र दिवसेंदिवस लांबत चालल्या. एकदा भुरभुर पाऊस, छत्री एकच. ती त्याने इतकी तिच्याकडे कलती धरली, की त्याचा डावा खांदा चिंब.

"भिजताय तुम्ही."

"साहेबाने सांगायचं नसतं ना काही? म्हणून गप्प भिजतोय."

अस्सा राग आला तिला! राग म्हणजे... उद्याही पाऊस पडावासा वाटतो तो.

पण इथेच तर घोडं अडलं होतं. पहिल्याच महिन्यात सगळ्यांना बसवून तिने कंपनीचे नियम ठरवले होते. त्यातला एक भिंतीवर तिच्याच अक्षरात झळकत होता: 'ज्याचा पगार ज्याच्या हाती, त्याच्याशी प्रेमप्रकरण नाही. मन जडलंच, तर आधी माणसांच्या मॅडमना सांगायचं.' म्हणजे तिलाच! तेव्हा सगळ्यात मोठ्याने इंजिनच हसलं होतं. आता नियम करणारीनेच तो मोडला, तर उद्या आजोबांनी कुठल्या नियमावर विश्वास ठेवायचा? ती फेऱ्या टाळू लागली. "आज जमणार नाही," एवढंच म्हणायची आणि उगाच टेबल आवरत बसायची.

एके दुपारी तो समोर येऊन खुर्चीत बसला. शर्टाची वरची गुंडी लावलेली. चेहरा परीक्षेला बसल्यासारखा.

"नियमाप्रमाणे सांगायला आलोय," तो म्हणाला. "माझं मन... जडलंय. इथल्याच एकीवर. तिचा पगार माझ्या हाती आहे."

तिच्या हातातलं पेन थांबलं. पलीकडच्या टेबलावरची डिझाइनवाली असणार. केवढी गोड हसते ती! पण काम म्हणजे काम.

"तिला... ठाऊक आहे?"

"नाही. आधी माणसांच्या मॅडमना सांगायचं, असं लिहिलंय ना?"

"बरोबर केलंत. नाव?"

त्याने डाव्या खांद्यावरून हात फिरवला, पाऊस अजून तिथेच असल्यासारखा, आणि तिच्याकडे बघून हसला.

पेन टेबलावरून घरंगळत खाली गेलं. उचललं कुणीच नाही.

"ताईशी बोललोय," तो घाईघाईने म्हणाला. "कोणासाठी ते नाही सांगितलं हं, नुसतं विचारलं. तुमचा पगार, बढती, सगळं ती बघेल. माझा हात त्यात नाही. आणि तुम्ही 'नाही' म्हणालात तरी नोकरी तुमचीच, चालती भेटही राहील. म्हणजे... आजोबांबरोबर."

इतके दिवस मनातलं न बोलणारा माणूस, आणि आता शिटीवर शिटी!

"एवढं सगळं पाठ केलंत? नळकांड्यासमोर?"

कान पुन्हा लाल. "दोन दिवस. ते काही उत्तरच देत नाही हो."

ती उठली. कोपऱ्यातली छत्री घेतली. बाहेर लख्ख ऊन होतं, तरीही घेतली.

"चल," ती म्हणाली. 'चला' नाही बरं का, 'चल'! "आज विचारायची पाळी तुझी. उत्तर मी देते."