केतकीनं उकळवलेला मध

साल २०७१. केतकीचा हिशेब सरळ होता. सगुणाआत्याचा मध निवडला गेला, की तो जखमांवर लावायला चंद्रावरच्या तळावर जाणार आणि आत्याबरोबर केतकी अग्निबाणाचं उड्डाण बघायला. चुलतभाऊ जळणार, ते वरकड.

अडचण एकच. थंडीनं मध रवाळ झाला होता. आणि रवाळ मध दिसला की त्यांच्या डोंगरातली माणसं लगेच कुजबुजत, "साखर घातली!" केतकीनं गुपचूप तपासणीला द्यायच्या नमुन्याची बरणी तासभर उकळत्या पाण्यात ठेवली. मध आरशासारखा!

तपासणीला 'मोहर' हा यंत्रमानव आला. त्यानं गावातल्या प्रत्येकाच्या मधात पाणी मिसळून जिवाणूंच्या बशीत थेंब टाकले. दुसऱ्या दिवशी बाकीच्यांच्या थेंबांभोवती स्वच्छ कडी दिसली. तिथे जिवाणू वाढलेच नव्हते. आत्याच्या थेंबाभोवती मात्र काहीच नाही.

"सगुणाबाई, मध नापास."

"साखरच असणार," मागून कुणीतरी म्हणालंच. आत्याचा चेहरा उतरला.

केतकी पुढे आली. "मी उकळवला. रवे घालवायला."

"तरीच!" मोहर म्हणाला. "मधमाशी मधात एक एन्झाइम (रासायनिक काम उरकणारं प्रथिन) घालते. पाणी मिळालं की ते मधातल्या साखरेपासून हायड्रोजन पेरॉक्साइड (जंतू मारणारं रसायन) बनवतं. फार तापवलं की प्रथिनाची घडी विस्कटते, काम बंद. तापवल्याची खूण असलेलं एचएमएफ नावाचं रसायनही वाढतं. रवे बिचारे निर्दोष! ती मधातलीच ग्लुकोज साखर. कोमट पाण्यात सावकाश विरघळली असती."

"मग हा आता विषारी?" केतकीनं विचारलं.

"छे! पोळीशी खा. गोडी आहे, धार गेली."

"आणि मध खाऊन प्रतिकारशक्ती (रोगाशी लढण्याची शरीराची ताकद) वाढते म्हणतात, ती?"

"ती तुझ्या पांढऱ्या पेशींची कमाई. मध खाऊन ती किती वाढते, याचा पक्का पुरावा अजून नाही. जखमेवर मध स्वतः लढतो, ते मोजता येतं."

आत्यानं घरातला रवाळ मध आणला. पुन्हा तपासल्यावर त्याचं कडं सगळ्यांत रुंद निघालं आणि तोच निवडला गेला. पण नमुन्यात ढवळाढवळ करणाऱ्याला उड्डाणाला नेत नसत.

"गप्प बसली असतीस तर?" आत्यानं निघताना विचारलं.

"तर तुला भेसळवाली म्हणाले असते."

आत्याचं नाव राहिलं. चंद्रावर कुणाची तरी जखम आता नीट भरेल. त्याची किंमत केतकीनं घरी बसून मोजली आणि हजारो मधमाश्यांनी जन्मभर उडून. त्यांना तर आमंत्रणसुद्धा नव्हतं.