अळूला एकच चमचा

चंद्रावरच्या रोपवाटिकेत कोरफड पाण्यात बुडाली होती आणि शेजारचा अळू तहानेने मान टाकून बसला होता. शाल्मली पडद्यावरचं ते चित्र आजोबांना दाखवत होती. शाळेची ती चार रोपं खारू नावाचा यंत्रमानव सांभाळायचा. त्याला रोजचं पाणी कळवायचं काम या आठवड्यात तिच्याकडे होतं.

"खारू बिघडलाय. बाई म्हणाल्या, संध्याकाळी त्याला कायमचं बंद करणार," ती रडवेली होऊन म्हणाली.

तिचे आजोबा यंत्रमानवांच्या आज्ञावल्या (यंत्राने ओळीने करायच्या कामांच्या सूचना) लिहायचे. "बंद काय, कळ दाबली की झालं. आधी त्याला विचारू तरी. खारू, काय केलंस बाबा?"

"अंकांची माळ आली, १२७३०१५. दोन-दोन अंकांचे तुकडे केले. १२, ७३, ०१, ५. कुंड्यांना तेवढे चमचे पाणी घातलं."

"मी असं कुठे सांगितलं? टोमॅटोला बारा, कोरफडीला सात, अळूला तीस, मिरचीला पंधरा."

आजोबांनी ते अंक कागदाच्या पट्टीवर लिहिले आणि कात्री तिच्या हाती दिली. "आता तू खारू. दोन अंक झाले की काप. थांबून विचार करायचा नाही, त्याला ती मुभा नाही."

पहिला तुकडा बाराचा. दुसरा कापला आणि शाल्मली थबकली. सातच्या तुकड्यात तिसातला तीन घुसला होता. तिथून पुढे सगळेच सरकले, आणि शेवटी पाच एकटाच उरला.

"सातला दोन घरं कशी भरणार?" आजोबांनी विचारलं.

"आधी शून्य लावून? ०७." ती हळूच म्हणाली, "पण वहीत असं लिहिलं की बाई खोडतात. म्हणून मी गाळलं."

"वहीत गाळलेलं चालतं गं. इथे रुंदी (तुकड्यात किती अंक) ठरलेली आहे. शून्याने सात वाढत नाही, जागा तेवढी पुरी भरते."

शाल्मलीने बाईंना फोन लावला. "चूक माझी होती, बाई. खारूची नाही."

बाई म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस. राहू दे त्याला."

मग नवी माळ गेली, १२०७३०१५. आज्ञावलीत आजोबांनी एक ओळही घातली : अंक रोपांच्या दुप्पट नसतील, तर कापू नकोस, विचार.

"आजवर विचारायची सोयच नव्हती बिचाऱ्याला," ते म्हणाले.

सकाळी अळूने पानं उचलली होती. कोरफड खारूने मुळं सुकवायला बाहेर काढून ठेवली होती. चित्राखाली त्याचा पहिलावहिला प्रश्न होता, "पाचवी कुंडी रिकामी आहे. काय लावू या?"

शाल्मली तोंडात ब्रश तसाच धरून उत्तर लिहायला बसली.