चाक थांबेपर्यंत

दारात तो भिंतीला हात टेकून डुलत उभा होता. माझ्या तोंडून निघूनच गेलं, "सकाळी सकाळीच घेऊन आलात?"

"अहो बाई, दोन आठवडे समुद्रात होतो, पवनचक्क्या दुरुस्त करत," तो म्हणाला. "जमीन हलतेय... मी नाही!"

मी मेल्याहून मेल्यासारखी झाले.

आमच्या मामांना (माझे नव्हे, सगळ्या वीज साठवण केंद्राचे मामा) ताप होता, म्हणून साहेबांनी माझ्या जोडीला त्याला धाडलं होतं. काम साधंच. समुद्रावर वारा सुटला की जादा विजेने आमचं अवजड चाक गरगर फिरतं. वारा पडला की तेच चाक ती वीज परत देतं. महिन्यातून एकदा चाचणी म्हणून चाक मोकळं सोडायचं आणि ते आपोआप थांबेपर्यंत दोघांनी वेगाच्या काट्याकडे बघत बसायचं. दोघांनी, कारण एकट्याला डुलकी लागते. मध्येच उठायचं नाही, हा नियम. हवा काढलेल्या पेटीत ते चाक चुंबकांवर तरंगतं, त्यामुळे थांबायला अख्खा दिवस लागतो.

त्या दिवशी आम्ही किती बोललो! मामा बरे झाले, तरी पुढच्या चाचण्यांना पंखेवालाच (त्याला मी हेच नाव पाडलं होतं) येत राहिला. मामांनी ब्रही काढला नाही, फक्त मिशीत हसायचे.

"चाकबाई, कंटाळा नाही येत?" तो विचारायचा.

"सोबतीवर असतं ते."

"मग आज?"

"आज... काटा बघा."

काल चाचणी सुरू झाल्यावर तो म्हणाला, "दूरच्या समुद्रात नव्या पवनचक्क्या उभ्या राहतायत. तीन वर्षं तिकडे. संध्याकाळची बोट आहे... जाऊ का?"

एवढी बडबडी मी, पण आई म्हणते तसं नेमक्या वेळी माझ्या तोंडाला कुलूप लागतं. "चांगली संधी आहे," एवढंच पुटपुटले. दिवसभर आम्ही खरोखरच काटा बघितला.

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. "बोट त्याच्यासाठी खोळंबलीय. चाक अजून फिरत असेल तर त्याला तिथेच राहू दे, नियम मोडायला नको. कसं करतेस?"

चाक फिरतच होतं. नुसतं तेवढं सांगितलं असतं, तर बोट त्याला सोडून गेली असती. मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण मग मी काय मिळवलं असतं? नियमाने बसवून ठेवलेला माणूस.

"सोडते त्याला," मी म्हटलं आणि चाक थांबवायचं बटण दाबलं. चाकातली उरलीसुरली वीज बाहेर निघाली. काही मिनिटांत काटा शून्यावर आला.

"एवढी घाई?" त्याचा चेहरा उतरला.

"आता तुला कुणी अडवत नाहीये," मी म्हटलं. "म्हणून आता सांगते... जाऊ नकोस. मला तू आवडतोस. फार."

बाहेर बोटीचा भोंगा वाजला. तो उठला नाही. खिशातून फोन काढून म्हणाला, "साहेब, ती जागा दुसऱ्या कुणाला द्या. मी इथल्याच पवनचक्क्या बघेन."

फोन ठेवून त्याने खुर्ची माझ्याजवळ सरकवली. बघण्यासारखं आता तिथे काहीच फिरत नव्हतं, तरी आम्ही बराच वेळ बसून राहिलो.