सिओ म्हणजे सिओच

"त्या पेनांगच्या पोराशी बोलताना कान उघडे ठेव गं. त्यांचे शब्द आपल्यासारखे वाटतात, पण असतात वेगळे," मावशी म्हणाली होती. मी हसण्यावारी नेलं. कॉलेजात शिकलेली मी — मला कोण शब्द शिकवणार?

मलेशियात, मलाक्यात मावशीची खानावळ होती. त्या दुपारी पावसाची सर आली आणि काळ्या सोया सॉसचे डबे घेऊन तो पेनांगचा पोरगा, बेंग हुई, आत शिरला. केसांतून पाणी निथळत होतं. मी धने भाजत होते.

"काय शिजतंय, न्योन्या?" आमच्यासारख्या चिनी-मलय घरांतल्या बायकांना न्योन्या म्हणतात.

"बदक. इतेक सिओ."

"इतेक म्हणजे बदक. आणि सिओ?"

"सिओ म्हणजे... सिओच!"

तो खो खो हसला. आम्ही घरात मलय बोलणारे. चिनी पूर्वजांच्या हॉक्किएन भाषेतलं 'गुवा' म्हणजे मी, 'लू' म्हणजे तू आणि पदार्थांची काही नावं, एवढंच आमच्याकडे उरलंय.

"आमच्यात सिओ म्हणजे गरम," तो म्हणाला.

"मग थंड झाल्यावर काय म्हणायचं?"

"थंड होऊच कशाला द्यायचं?"

मग सॉस संपो न संपो, तो येत राहिला. "घरात सॉसचा समुद्र झालाय, आता यालाच बुडव त्यात!" मावशी करवादायची. मी चिंच कोळताना तो माझ्या हातांकडे बघायचा... मी वर पाहिलं की भिंतीवरच्या पालीकडे.

एके दिवशी तो दारातच थबकला. वडिलांनी पेनांगचं दुकान सांभाळायला कायमचं बोलावलं होतं.

"जायच्या आधी एक... गुवा सिओ लू."

मी, सिओ, तू. बदक मागतोय! डोळे भरून आलेले दिसू नयेत म्हणून मी लगबगीनं वळले. मांडीचा तुकडा आणि भरपूर रस्सा डब्यात भरला.

"घे. थंड झालं तर गरम कर."

त्यानं डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कान लालबुंद.

"बरं..." म्हणाला आणि गेला.

त्याला वर्षं झाली. परवा माझी लेक तापानं किरकिरत होती. मी सारखी तिचं कपाळ चाचपत होते. शेजारी राहणाऱ्या, मूळ पेनांगच्या आजींनी तिला मांडीवर घेतलं, थोपटू लागल्या — "गुवा सिओह लू... गुवा सिओह लू..."

"आजी, बदक कशाला मागताय तिच्याकडे?"

"बदक कुठलं, वेडे! शेवटी श्वास तुटतो तो ऐक. सिओह! म्हणजे, तुझ्यावर माझा जीव आहे."

नवरा चांगला आहे माझा, तक्रार नाही. पण धने भाजायला घेतले की ते लाल कान दिसतात. मी ऐकलंच नव्हतं; त्याला वाटलं, मी उत्तर दिलं.

तुमच्यापैकी कुणी पेनांगला गेलात, तर सॉसच्या दुकानांत जरा डोकवा. बेंग हुई दिसला तर माझं नाव काढू नका. नुसतं "जेवलास का?" म्हणा... आणि तो बरा आहे ना, तेवढं बघून याल?